पावडर लावलेली पिल्लं

खुडूकमावशीला बसलेलं मी फार उशिरा पाहिलं. तोवर कार्ल्यात तिच्या शेजारी राहून मला बरीच वर्षं झाली होती. ती चहा प्यायची तो एक पाय उंबऱ्यावर ठेवून. भाकरी हातावर घेऊन अंगणात फिरत फिरत खायची. माझ्याकडे गप्पा मारायला आली, की खोलीतली चटई, खुर्ची, पाट सगळं सोडून दाराच्या चौकटीला खांदा लावायची, आणि तोही जेमतेम लागलेला असायचा. मी शाळेत शिकवून थकून आलेली असायचे. समोर कुणी असं चुळबुळत उभं राहिलं की माझाही जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

"बसा की मावशी," मी म्हणायचे.

"बसायला कोंबड्या हायेत की माज्या. मी कशाला बसू?"

हे उत्तर ठरलेलं होतं. मी नवीन होते तेव्हा हसायचे, पुढे पुढे चिडायचे, आणि नंतर तर मीच उभी राहून बोलायला लागले.

जिचं बूड कधी जमिनीला लागलं नाही तिला गाव खुडूकमावशी का म्हणत होता, तर या कोंबड्यांमुळेच. अंडी घालून झाली की कोंबडीला एक दिवस उबवायची ओढ लागते. ती अंग फुगवते, घशातल्या घशात कुरकुरते, खाली हात घातला की टोचते आणि अंड्यांवरून हलायला तयार नसते. म्हणजे ती खुडूक झाली. मावशीच्या काळ्या कोंबड्या एकदा खुडूक झाल्या की शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी उठायच्या नाहीत. कार्ल्यापासून लोणावळ्यापर्यंत ज्याला म्हणून पिल्लं काढायची असतील तो मावशीकडे यायचा. ती कोंबडी तिच्या बांबूच्या डालग्यासकट त्याच्या घरी पोचवायची. पिल्लं निघाली की निम्मी त्याची आणि निम्मी तिची, असा रिवाज होता.

काही लोकांना अंडी हवी असतात, पिल्लं नकोत. ते खुडूक कोंबडीच्या नाकात पीस अडकवून ठेवतात. बिचारी बेचैन होते, बसणं सोडते आणि पुन्हा अंडी द्यायला लागते. मावशीला याचा भयंकर संताप. एकदा नाक्यावरच्या किराणा दुकानदाराच्या परसात तिनं अशी कोंबडी पाहिली. आत शिरून तिनं ते पीस उपसलं आणि त्याला ऐकवलं, "तिचा बसायचा येळ आलाय. बायकू पोटुशी व्हती तवा तिच्या नाकात घातलंतंस का पीस?" दुकानदारानं हे लक्षात ठेवलं.

अंडी विकायला ती लोणावळ्याला एस.टी.नं जायची. पण जायची म्हणजे काय? गाडी थांब्यावर थांबली आणि माणसं चढायला वेळ लागायला लागला, की मावशी टोपली डोक्यावर घेऊन खाली उतरायची आणि चालू लागायची. मग मागून गाडी यायची आणि पुढच्या थांब्यावर तिला पुन्हा घ्यायची. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, तिकीट आमचं काढता आणि रस्ता तुम्ही तुडवता." तिचा नवरा रसूलभाई रेल्वेत गँगमन होता. हा अगदी निवांत माणूस. संध्याकाळी ओट्यावर बसला की दिव्याची वेळ होईतो हलायचा नाही. "बाई, हिच्या वाटनीचंबी मीच बसतो," एवढंच म्हणायचा.

मला वाटायचं, या दोघांना मूलबाळ झालंच नाही. झालं होतं. दोन मुलं झाली होती आणि दोन्ही पाळण्यातच हिवतापानं गेली होती. हे मला मावशीनं नाही, रसूलभाईंनी सांगितलं. दुसरं मूल तापानं फणफणलं होतं तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन बसून होती. उठली तेव्हा ते गेलेलं होतं. "तवापास्नं बसत न्हाई ती," ते म्हणाले. त्यानंतर मी तिला 'बसा की' म्हणणं सोडलं. तोंडातून कधीमधी निघून जायचं, पण मग जीभ चावायचे.

त्या काळी मावळात पाऊस सरला की घरोघर कुणीतरी घोंगडीखाली कुडकुडत असायचं. मग पाठीवर पंप बांधलेली सरकारी माणसं भिंती फवारायला यायला लागली. काही बायका देव झाकून घ्यायच्या, काही दाराला कडी घालायच्या. मावशी मात्र त्यांच्यापुढे पळत दारं उघडायची. "हितं मारा. माळ्यावर मारा. त्या हंड्यामागं कुनी मारायचं?" भिंतींवर पांढरे ओघळ आले, डास मेले, ढेकूण मेले, आणि ताप खरोखरच हटला. हे मी मुद्दाम सांगते. पुढचं वाचून कुणी त्या औषधाचं भलं विसरायला नको. मावशी भिंतीवरच्या त्या ओघळांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "ही फवारनी आधी आली आसती तर."

लवकरच फवारणीतली ती डीडीटी पावडर होऊन लोणावळ्याच्या दुकानात डब्यात मिळायला लागली. अंगणात शिंपडायला, बिछान्याखाली टाकायला. मावशी अंडी घेऊन ज्या बंगल्यात जायची तिथं एक तान्हं बाळ होतं. त्याची अंघोळ झाली की आया पफच्या मऊ फुलानं त्याला पावडर लावायची. मावशी ते दारातून बघत राहायची. एक दिवस ती बाजारातून डीडीटीचा डबा घेऊन आली. कोंबडीची पोटाखालची मऊ पिसं दोऱ्यानं बांधून तिनं त्याचं फूल केलं. पिल्लू अंड्यातून निघून वाळलं की ती ते तळहातावर घ्यायची, मानेवर, पोटावर, पंखांखाली फूल फिरवायची आणि बोटाला राहिलेली पावडर त्याच्या टाळूला लावायची. डालग्यातल्या पेंढ्यावरही मूठभर टाकायची. मला शिंका यायच्या. ती हसायची.

"बंगल्यातल्या पोरांला पावडर लावत्यात, मग माज्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

पिल्लांच्या उवा आणि पिसवा गेल्या. पिल्लं टुणटुणीत दिसायची. मावशीच्या हाताला तेव्हा सतत तो कुबट औषधी वास असायचा, आणि ती खूश होती. मी तिला इतकं खूश आधी पाहिलं नव्हतं.

पहिला खडा लागला तो चैत्रात, एकवीरेच्या जत्रेला. जत्रेला कोकणातून माणसं येतात आणि देवीला द्यायला कोंबडा घेतात. त्यांना तुरेबाज, अंगावर येणारा कोंबडा लागतो. मावशीचे कोंबडे दरवर्षी हातोहात जायचे. त्या वर्षी तिनं पावडरवर वाढलेले नर आणले होते. एका म्हाताऱ्यानं एकाचा तुरा चिमटीत धरला, खाली सोडून त्याची चाल पाहिली आणि म्हणाला, "मावशे, ही तलंग आहे. मला कोंबडा पायजे." तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली पोर कोंबडी. मावशी उसळली. पण खरंच त्या नरांचे तुरे फिके आणि आखूड होते. ते एकमेकांशी भांडत नव्हते, कोंबड्यांमागे लागत नव्हते. सकाळी आरवतही नव्हते. त्यातला एक मान वर करून जोर लावायचा, घशातून 'कुक्' एवढंच निघायचं, आणि मग तो इकडेतिकडे बघत निघून जायचा. जत्रेतून मावशी भरल्या डालग्यानं परत आली.

मग कोंबड्यांची पाळी आली. अंडी घालायच्या, पण खुडूक व्हायच्या नाहीत. झाल्याच तर सकाळी बसायच्या आणि दुपारी उठायच्या. अंडी गार पडली तरी त्यांना त्याचं काही नसायचं. मीही हौसेनं मावशीकडून एक कोंबडी घेतली होती आणि तिचं डालगं माझ्या खाटेखाली ठेवलं होतं. शाळेतून आले की बाईसाहेब खिडकीत. परत बसवली की खाटेवर. शेवटी माझ्या पाठ तपासायच्या पाट्यांवर येऊन उभी राहिली. घरभर नुसती येरझार. तिच्या त्या फिरण्यानं मलाही एका जागी बसवेना. लोणावळ्याहून, वाकसईहून लोक नासकी अंडी आणि कोंबड्या परत घेऊन यायला लागले. कुणी भांडत नव्हतं, पण डालगं ओट्यावर ठेवायचे आणि मावशीच्या तोंडाकडे न बघता निघून जायचे. तिचं गावातलं नावच मुळी त्या बसण्यावर होतं. आता ते नाव घेताना लोक हसायला लागले.

नाक्यावरचा दुकानदार तर वाटच बघत होता. चार माणसांत तो म्हणाला, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मालकीण बसत न्हाई, कोंबड्या कशा बसतील?" सगळे हसले. मीही तिथं होते, आणि मावशीही. म्हण इतकी चपखल बसली होती की मलाही हसू आलं असतं, पण मी मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या परसात गेले तर मावशी डालग्याशेजारी पाट टाकून त्यावर टेकण्याच्या बेतात होती. एका हातानं छपराची मेढ धरली होती. अर्धं अंग खाली गेलं, थांबलं, पुन्हा वर आलं. कपाळावर घाम. डालग्यातली कोंबडी मान तिरकी करून तिच्याकडे बघत होती.

"बस गं बाय," मावशी तिला म्हणत होती. "मी बसतेय न्हवं? तूबी बस."

कोंबडी उठली, अंड्यांवरून पाय देत बाहेर आली आणि निघून गेली. मावशी मेढीला धरून तशीच अधांतरी राहिली. मला पुढे होऊन तिला उठवावंसं वाटलं, पण ते तिला आवडलं नसतं. मी आल्यापावली परतले. रसूलभाई संध्याकाळी ओट्यावरून म्हणाले, "बाई, तिला सांगा, ऱ्हाऊ दे. ती बसाय लागली की माजा जीव खालीवर व्हतोय."

मावशीचं लोणावळ्याला जाणं बंद झालं. ती नुसती अंगणात फिरायची, आणि मागून तिच्या त्या कोंबड्या. कुणाचाच पाय ठरत नव्हता. मला शाळेत मुलांना हाताची घडी घालून बसवतानासुद्धा ते अंगण आठवायचं.

अशात एक दिवस धोंडूआबा आले. लोहगडाच्या खिंडीतून पलीकडे पवनेच्या अंगाला त्यांची डोंगरवाडी होती. तिकडे तेव्हा धरणाचं नुसतं बोलणं चाललं होतं. मावशीनं फार मागे, पावडरच्याही आधी, त्यांना एक काळी कोंबडी वाट्यानं दिली होती. तिच्या नातीनं पिल्लं काढली म्हणून आबा मावशीचा वाटा घेऊन डोंगर उतरून आले होते. डालग्यात नुकती निघालेली पिल्लं होती, आणि वर बांधलेला एक तरणा कोंबडा, जास्तीचा, प्रेमानं आणलेला. त्याला अंगणात सोडला. त्यानं पंख झाडले आणि असा काही आरवला, की रसूलभाई ओट्यावरून उठून उभे राहिले.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती लगबगीनं आत गेली आणि डबा अन् पिसांचं फूल घेऊन आली. पहिलं पिल्लू तळहातावर घेतलं.

"त्ये काय?" आबांनी विचारलं.

"पावडर. तुमी लावत न्हाई?"

"कुटली आलीया पावडर? चुलीची राख टाकतो फुडं, त्यात लोळत्यात." आबांचं लक्ष तिच्या नराकडे गेलं होतं. "ह्यो कोन? आरवत न्हाई का?"

"न्हाई. मुका हाय. लय लाडात वाढवलाय," मावशी म्हणाली. "निघाल्यापास्नं पावडर लावून."

आबा सहज म्हणाले, "आमची बापडी राखंत वाढली."

मावशीचा हात तिथंच थांबला. तिनं आबांच्या लालभडक तुऱ्याच्या कोंबड्याकडे पाहिलं, मग आपल्या मुक्याकडे. दोघंही एकाच कोंबडीच्या वंशातले. फुलावरची पावडर तिच्या पायावर भुरभुरत होती.

"बाई," तिनं मला विचारलं, "पावडरनं आसं व्हतं का वो?"

मला माहीत नव्हतं. तसंच मी सांगितलं. आबांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, सरकार माणसांच्या घरात मारतंय म्हंजी वंगाळ नसंल. सांगू शकेल असं त्या अंगणात कुणीच नव्हतं. मावशीनं एकटीनं ठरवायचं होतं. आणि ठरवायचं ते काय? ज्या पावडरनं ताप घालवला, जी आधी आली असती तर तिची मुलं वाचली असती असं ती मानत होती, ती पावडर न लावता ही पिल्लं उघडी ठेवायची. तिच्या लेखी हे पोरांना थंडीत बाहेर टाकण्यासारखंच होतं. ती कितीतरी वेळ पिल्लू हातात धरून अंगणभर फिरली. मग तिनं ते तसंच खाली सोडलं आणि फूल माझ्या हातात दिलं.

"चुलीत टाका. मला टाकवनार न्हाई."

मी टाकलं. पिसं जळल्याचा वास सुटला आणि मावशी भिंतीकडे तोंड करून रडली. "तापानं नेली तवा अल्लाची मर्जी म्हनले," ती म्हणाली. "ह्ये तर माज्या हातानं झालं. पंखाखाली लावलं वो मी, पंखाखाली."

त्यानंतरचे महिने फार ओढाताणीचे गेले. रोज ती राख चाळून अंगणात पसरायची, पिल्लं हातात घेऊन एकेक ऊ वेचायची, आणि डब्याकडे बघायची. डबा तिनं टाकला नव्हता, फळीवर होता. एखादं पिल्लू मलूल दिसलं की हात तिकडे जायचा. माझाच जीव मुठीत असायचा. पिल्लं मेली तर ती पुन्हा उभी राहणार नाही, हे मला कळत होतं. काही मेलीच. घारीनं नेली, एक मुंगसानं नेलं. बाकीची वाढली. घारीची सावली पडली की ती सरळ डालग्याखाली घुसायची. पावडरची पिल्लं अशा वेळी भलतीकडेच धावायची, हे तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं.

पुढच्या सुगीच्या सुमारास मी शाळेतून येत होते, तर मावशी रस्त्यावरच उभी. तोंडावर बोट. मला हाताला धरून तिनं परसात नेलं. डालग्यात राखेत वाढलेली एक तलंग, आता कोंबडी झालेली, अंग फुगवून बसली होती. मावशीनं तिच्या पोटाखाली हात घातला. कोंबडीनं असं टोचलं, की बोटातून रक्त आलं. मावशीनं ते बोट मला दाखवलं. नव्या नवरीनं अंगठी दाखवावी तसं.

जुन्या पावडरच्या कोंबड्या तिनं विकल्या नाहीत की कापल्या नाहीत. "त्यांचा काय दोस?" ती म्हणायची. त्या येरझाऱ्या घालत म्हाताऱ्या झाल्या. मुका कोंबडा तर मरेपर्यंत तिच्या ओट्यावर होता. रोज पहाटे तो मान वर करायचा, आणि मावशी हातातलं काम टाकून त्याच्यासाठी थांबायची. 'कुक्' झालं की "शाब्बास" म्हणायची.

पुढे खूप वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की अशा काही औषधांचा अंश कोवळ्या वयात, अगदी अंड्यात असतानाही, जिवाच्या अंगात गेला तर तो शरीराला नर कसं व्हायचं, आई कधी व्हायचं हे सांगणाऱ्या रसांत ढवळाढवळ करतो. जीव मरत नाही, आजारीही दिसत नाही. मोठा झाल्यावर त्याचं वागणं तेवढं चुकतं. मावशीच्या कोंबड्यांचं नेमकं हेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते वाचलं तेव्हा मला कुबट वासाचा तो हात आठवला आणि हातातला कागद बाजूला ठेवून मी घरभर फिरत राहिले. तोवर मावशीही राहिली नव्हती आणि तिला हे सांगायचं राहूनच गेलं. सांगून तरी तिला बरं वाटलं असतं का, कोण जाणे.

मी तिला बसलेलं पाहिलं ते वडगावला. लग्नानंतर मी तिथं राहायला गेले होते. मला मुलगी झाली तेव्हा मावशी अंड्यांची टोपली घेऊन भेटायला आली. वाटेत दोनदा एस.टी.तून उतरून चालली असणार, कारण पाय धुळीनं भरले होते. मी बाळाला नुकतीच अंघोळ घातली होती. सासूबाईंनी आणलेला बाळाच्या पावडरचा डबा माझ्या हातात होता, आणि दुसऱ्या हातात ते मऊ फूल. चौकटीला टेकलेली मावशी एकदम आत आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"मावशी, ही ती नाही. ही बाळांचीच असते," मी म्हणाले.

तिनं डबा घेतला, झाकण काढून वास घेतला, पुन्हा घेतला. "आसंल," ती म्हणाली. "पन आता मला वळखाय येत न्हाई, बाई." डबा तिनं उंच फळीवर ठेवून दिला.

मग तिनं हात पुढे केले. मी मुलीला त्यांत दिलं. मावशी उभ्यानंच तिला थोपटत फिरू लागली, खिडकीपर्यंत, पुन्हा दारापर्यंत. मुलगी किरकिरत होती. भिंतीपाशी मावशी थांबली. एक हात भिंतीला लावून ती हळूहळू खाली गेली, थांबली, आणि बसली. मांडी घातली. मुलीला मांडीवर घेतलं. मुलगी झोपली. मावशी वाकून तिचा श्वास ऐकत होती. पुन्हा पुन्हा ऐकत होती.

मी चहा ठेवला, तो गार झाला. बाहेरून लोणावळ्याच्या गाडीचा हॉर्न आला आणि लांब गेला.

"मावशी, तुमची गाडी गेली," मी हळूच म्हणाले.

"जाऊ द्या तिला," मावशी म्हणाली. "मी खुडूक झालीया."